छावणीतला संडास भरला की पुढे काय?

तितूरकाठ | ३ मे, रात्री १०.१२

मंडळी, जेवताना हा धागा उघडला असेल तर आत्ताच मिटा. नंतर मला बोल लावू नका.

२०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर आणि डोंगरी रातोरात घरात शिरल्या, तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातल्या लोकांना एका शाळेत हलवलं होतं. मी गावातच होतो, पोरांबरोबर मदतीला गेलो. खिचडी, चादरी, बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या, पहिल्या दुपारपर्यंत एवढं सामान आलं की ठेवायला वर्ग पुरेना. माणसं साधारण १८०. संडास चार, पैकी एक शिक्षकांचा, त्याला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते स्वतःच पलीकडच्या काठाला अडकलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिन्ही संडास वर आले. बादली ओतली की पाणी खाली जाण्याऐवजी उंबऱ्यावरून व्हरांड्यात. एका आजीने मला बाजूला बोलावलं. म्हणाली, "आते कठे जावानं, भाऊ?" त्यांच्यापुढची खिचडी तशीच होती. आदल्या दिवसापासून मुद्दामच खाल्लं नव्हतं, जायची वेळ येऊ नये म्हणून.

टाकी उपसायची तर झाकण उघडायला हवं. ते कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, लोक आपापल्या चिखलात परत गेले आणि विषय तिथेच राहिला.

परवा मोबाइलवर बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावणीचा वरून काढलेला व्हिडिओ पाहिला. नजर पोचेल तिथवर ताडपत्री. लोक हळहळत होते, मी मात्र संडास कुठे दिसतोय ते शोधत होतो. १८० माणसांनी दीड दिवसात आमची दाणादाण उडवली, मग लाखो माणसं वर्षानुवर्षं राहतात तिथे हे कसं चालतं? ठाऊक असलेल्यांनी लिहा. राजकारण नको, धाग्याचं काश्मीर झालं तर मीच संपादकांना सांगून टाळं लावेन.

केळीवाला_रावेर | ३ मे, रात्री १०.२०

खुर्ची टाकून बसलोय. जेवण झालंय.

शिरपूरचा_पाणक्या | ३ मे, रात्री ११.४५

तितूरभाऊ, योग्य दारात आलात. मी २०१८-१९ मध्ये दीड वर्ष बांगलादेशात कॉक्स बाजारला, त्या रोहिंग्या छावण्यांत, याच कामावर होतो. घरी सांगताना "पाणीपुरवठा" म्हणायचो, कारण "मैला उपसा" म्हटलं की आई फोन ठेवायची.

आधी तुमच्या शाळेचा हिशेब. १८० माणसं, तीन चालू संडास, म्हणजे एकामागे ६०. मदतकार्यात जी स्फिअर मानकं वापरतात त्यांत सुरुवातीच्या धावपळीत ५० माणसांमागे एक संडास चालवून घेतात, आणि जमेल तितक्या लवकर तो २० माणसांवर आणायचा असतो. म्हणजे संख्येत तुम्ही फार मागे नव्हता. फसलात ते टाकीत. माणशी दिवसाला दोन खेपा, खेपेला पाच लिटर पाणी धरा: १८०० लिटर रोज. शाळेची टाकी फार तर चार-पाच हजार लिटरची, त्यात निम्मा जुना गाळ. पुढचा शोषखड्डा पुराने आधीच तुडुंब, तो काय शोषणार? दीड दिवस टिकली हेच नवल.

आता तिकडचं. ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांवर माणसं म्यानमारमधून आली. कुतुपालोंग आणि बालुखालीच्या टेकड्यांवरचं जंगल तोडून राहायला लागली. साधारण १३ चौरस किलोमीटरमध्ये सहा लाख माणसं. भागाकार केला तर माणशी २१-२२ चौरस मीटर, आणि त्यातच रस्ते, नाले, दवाखाने, शाळा, कबरी. मानक ४५ सांगतं.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत जो आला त्याने संडास बांधले. सिमेंटच्या दोन-चार रिंगा जमिनीत, वर बांबू आणि प्लास्टिक. अहवालात किती बांधले एवढंच विचारायचे, त्यामुळे बांधायची घाई. खड्ड्यापासून पाण्याचं ठिकाण निदान ३० मीटर लांब हवं, हा नियम सगळ्यांना पाठ. पण जागाच नाही तर तीस मीटर आणायचे कुठून? कितीतरी संडास हातपंपाला खेटून होते. कितीतरी अशा उतारावर की तिथे रिकामी बादली घेऊन जाताना माणूस घसरावा.

आणि खड्डे उथळ. हा हिशेब करून बघा: माणशी मल-मूत्र दीड लिटर, धुवायचं पाणी दीड लिटर. २० माणसांचे झाले ६० लिटर. चिकणमाती पाणी पिईना. हजार लिटरचा खड्डा सोळा-सतरा दिवसांत काठाला. नंतर असे हजारो संडास बुजवावे लागले. बांधल्याचे फोटो आहेत, बुजवल्याचे कुणी काढले नाहीत.

उपशाचं उद्या लिहितो. डोळे मिटताहेत.

पांझरा_पाणी | ४ मे, सकाळी ७.०५

रोज पानी भेटस का त्यासले? आमना धुयामा आठ दिनमा एकदाव येस भो, ते बी रातले दोन वाजता. बठ्ठा घरमा टाक्याच टाक्या शेतस. मंग आमले काय म्हनवानं, निर्वासित?

केळीवाला_रावेर | ४ मे, सकाळी ७.३०

पांझराभाऊ, तुम्ही रातले दोनला उठतस म्हणूनच सकाळी सातला प्रतिसाद देतस.

डॉक्टर_अमळनेर | ४ मे, दुपारी २.१८

ओपीडी संपली, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्हाला शिकवताना गोमाचं उदाहरण द्यायचे. जुलै १९९४, रवांडातून काही दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून झाईरमध्ये (आजचा काँगो) गोमा शहरापाशी आली. ती जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. आपल्या सातपुड्यातला काळा पाषाण आठवा, तसाच, फक्त ताजा. पहार मारली तर ठिणगी उडेल, खड्डा होणार नाही. संडास खणता येईनात, पुढे कबरीही खणता आल्या नाहीत. पाण्याला किवू सरोवर, त्यातच सगळं. कॉलरा आणि रक्ती हगवण मिळून पहिल्या महिन्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि ते जास्त माहीत असायला हवं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या घरात निर्वासित आले. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रोगी जमिनीवर उलट्या-जुलाबांत पडलेले, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून तोटी लावलेल्या पिंपांत भरलं. नातेवाइकांना सांगितलं, पेल्याने पाजत राहा. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो ३.६ वर आला. मेडिकलच्या दुकानात जी ओआरएसची पुडी मागतो ती या कामामुळे घरोघरी पोचली. डॉक्टर २०२२ च्या ऑक्टोबरात गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झालं, मरणोत्तर. आमच्या वर्गात त्यांचं नाव निघाल्याचं मला आठवत नाही. ग्लुकोजचं प्रमाण मात्र तोंडी परीक्षेत विचारलं होतं.

बराकवाले_काका | ४ मे, रात्री ८.५०

डॉक्टरसाहेब, १९७१ मी पाहिलं आहे, म्हणजे जळगावातून जेवढं दिसतं तेवढं. तेव्हा पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, 'शरणार्थी सहायता' असं लिहिलेलं. वडील दुकानाची पत्रं लिहून ठेवायचे, तिकिटं मी चिकटवायचो. एकदा कंटाळून म्हणालो, आपण का द्यायचे? वडिलांनी डोळे वर करून पाहिलं आणि पुन्हा हिशेबात मान घातली.

आम्ही सिंधी. आईवडील फाळणीनंतर आधी कल्याण कॅम्पात आले, म्हणजे आजचं उल्हासनगर. युद्धकाळातल्या लष्करी बराकी होत्या, एकेका बराकीत गोणपाट टांगून कितीतरी कुटुंबं. गावाला १९४९ साली नाव मिळालं, तरी लोक अजून 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. माझा जन्म नंतरचा, जळगावचा. कापडाच्या धंद्यासाठी वडील इकडे आले.

आई बराकीबद्दल फार बोलत नसे. बोलली तर दोनच गोष्टी. एक, नळाची रांग, आणि रांगेत माणसाऐवजी ठेवलेली भांडी. कुणाचं भांडं कुणी मागे सरकवलं यावरून सिंधमधल्या चांगल्या घरच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. दुसरी, ओळीने बांधलेले टोपलीचे संडास. सकाळी एक बाई येऊन टोपल्या डोक्यावरून न्यायची. ती एकदा दोन दिवस आली नाही, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे त्या दोन दिवसांत पूर्ण कॅम्पाला कळलं की आपण कुणाच्या जिवावर राहतोय. तिसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तिला पाणी प्यायला वेगळा पेला दिला, असंही आईनेच सांगितलं. सांगताना खाली बघायची.

तितूरकाठ, तुम्ही "पुढे काय" विचारता. आमच्या वेळी ती बाई.

शिरपूरचा_पाणक्या | ४ मे, रात्री ११.१०

काका, तुमचं वाचून जरा थांबलो. उपशाचं लिहायचं ते आता जपून लिहितो, कारण "कोण उपसतं" हा प्रश्न तिथेही होताच. छावणीतलीच माणसं मजुरीवर घ्यायचो. हातमोजे, गमबूट, मास्क द्यायचो, आणि दमट उकाड्यात ती दुपारपर्यंत अर्धं काढून ठेवायची. कुणी खड्ड्यात उतरायचं नाही, एवढ्या एका नियमावर मी भांडलो आहे. आपल्याकडेही सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी पेपर उघडा.

पद्धत अशी. आपल्या शहरात मैला ओढायची गाडी येते तशी टेकडीवर जात नाही. म्हणून हाताने हलवायचा पंप, त्याला लांब पाइप. उतारावरून मधल्या टाकीत, तिथून पुढच्या टाकीत, तिथून प्रक्रियेच्या जागी. काही ठिकाणी चुना कालवून जंतू मारायचे, मग वाळवणीच्या वाफ्यांवर पसरायचं. पावसाळ्यात वाफे वाळत नाहीत, आणि तिथला पाऊस म्हणजे आपले चार महिने एका आठवड्यात. तेव्हा रात्री झोप नसायची.

पांझराभाऊ, तुमचा टोमणा खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. स्फिअर मानक माणशी रोज किमान १५ लिटर सांगतं, संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था २०. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, हातपंपावर ५००, नळ घरापासून ५०० मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासाच्या वर नको. कागदावर. तुमच्याकडे आठ दिवसांनी का होईना, आलेलं पाणी ठेवायला टाकी आहे. ताडपत्रीच्या खोपटात दोन कळशा मावतात. पंप एक दिवस बंद पडला की दुसऱ्या दिवशी लोक ओढ्यावर.

पण तुमच्या टाक्यांचं दुखणं आणि त्यांच्या कळशांचं दुखणं एकच. गावात जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, अर्ध्या तासाने पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट, नळीत पिवळा रंग आला की खूश. छावणीतही नळाला पिवळा रंग यायचा. तेच पाणी घरी कळशीत दहा-बारा तास राहिलं की रंग गायब, कारण क्लोरीन उडालेलं आणि वर पेला धरलेली बोटं आत बुडालेली. मलावीत मोझांबिकच्या निर्वासितांच्या छावणीत १९९३ साली काही घरांना झाकणाची आणि ओतायला चोच असलेली बादली दिली. पाणी तेच, विहीर तीच. पाच वर्षांखालच्या पोरांचे जुलाब ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या आज्या माठाशेजारी ओगराळं टांगून ठेवायच्या आणि हात घातला की धपाटा द्यायच्या, ते उगाच नव्हतं.

पांझरा_पाणी | ५ मे, सकाळी ६.४०

बरं सांगं भो. मन्ही माय अजून धपाटा देस.

रानजाई | ५ मे, दुपारी ४.०२

सगळे भाऊ लोकच लिहिताहेत, म्हणून मध्ये येते. मी तळोद्याकडे शिक्षिका आहे.

पाणक्याभाऊ, तुमच्या २० माणसांमागे एक संडासमध्ये बाई किती वेळा जाते ते लिहिलं नाही. सगळ्यांना सामायिक असेल आणि बाहेर पुरुषांची रांग असेल तर ती जात नाही. तितूरकाठ यांच्या आजींनी खाल्लं नाही, तसंच दुपारनंतर पाणी प्यायचं नाही हे आमच्याकडे गोदरीवर जाणाऱ्या बायांना कुणी शिकवावं लागलं नाही. अंधारात जायचं, टमरेल घेऊन, दोघी-तिघी मिळून. पाळीत काय करायचं, कापड कुठे धुवायचं, कुठे वाळवायचं, याचा उल्लेखही धाग्यात नाही.

आमच्या पट्ट्यात निर्वासित म्हणत नाहीत, विस्थापित म्हणतात. सरदार सरोवरात नंदुरबारची ३३ गावं गेली, त्यांतली बरीच माणसं सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आली. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी मणिबेलीकडची. ती म्हणायची, नदीवर होते तेव्हा पाणी, भांडी, अंघोळ, कपडे आणि गप्पा एकाच जागी व्हायचं. इथे हापशावर फक्त पाणी मिळतं. मी आधी ते तक्रार म्हणून ऐकलं होतं. नंतर कळलं की अंघोळ कुठे करायची हे ती विचारत होती.

शिरपूरचा_पाणक्या | ५ मे, रात्री ९.३०

ताई, कबूल. चूक माझीच नाही, आम्हा सगळ्यांची होती. मानकात सार्वजनिक संडासांचं प्रमाण बायकांसाठी तीन, पुरुषांसाठी एक असं आहे, आतून कडी हवी, उजेड हवा, घरापासून ५० मीटरच्या आत हवा. आम्ही बांधले, पाट्या लावल्या. पाटी वाचता येणारे किती?

आणि अंघोळीचं. बायका आमच्या बांधलेल्या न्हाणीघरात येईनात. चौकशीला आमच्यातल्या बायका गेल्या तेव्हा उलगडा झाला: त्यांनी खोपटाच्या आतच कोपऱ्यात मोरी केली होती. चार विटा, खाली प्लास्टिक, ताडपत्रीखालून बाहेर जाणारी चिरी. आमच्या नकाशात ते सांडपाणी कुठेच नव्हतं, कारण मोरीच नव्हती. शिरपूरच्या घरात मोरीशेजारी जेवून मोठा झालेला मी, मला हे सुचू नये?

तांडा_३१ | ६ मे, पहाटे ५.१५

मी चाळीसगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, मीही बारा वर्षांचा होईतो त्यांच्याबरोबर. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक, उन्हाळ्यात परत. आम्हाला निर्वासित म्हणणार नाही कुणी, उचल (आगाऊ पैसे) घेऊन स्वखुशीने गेलेलो. पण कोपी म्हणजे काय ते सांगतो: कळकाच्या चार कांब्या, वर पाचट नाहीतर कागद, आत वाकून जायचं. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीचं, लाइट आली की. संडास हा शब्द पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कुणी काढायचा नाही.

आया पहाटे चारला उसात जायच्या. आता गंमत बघा. ऊस तोडायचा आम्हीच. रोज थोडा आडोसा आम्हीच कापायचो. पहिल्या आठवड्यात ऊस कोपीला लागून, शेवटच्या आठवड्यात अर्धा मैल लांब. आई म्हणायची, चला, फड संपला, म्हणजे आता जायला जागा उरली नाही.

रानजाई | ६ मे, सकाळी ८.१०

आमच्याकडची पावरा-भिल कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, तिथे राहण्याच्या जागेला पडाव म्हणतात. हेच चित्र. मार्चमध्ये पोरं परत वर्गात येतात तेव्हा निम्म्यांच्या अंगावर खरूज असते.

संपादक | ६ मे, सकाळी ११.००

"आधी निर्वासित की घुसखोर ते ठरवा" या धर्तीचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

डॉक्टर_अमळनेर | ६ मे, दुपारी २.३०

उडवलेल्यांपैकी एक वाचला होता, "त्यांची घाण त्यांच्यापाशी" असा काहीतरी. त्यावर एकच नोंद. २०१० च्या ऑक्टोबरात हैतीमध्ये कॉलरा फुटला. तिथे निदान शंभर वर्षं त्याची नोंद नव्हती. तो आला निर्वासितांकडून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला नदीच्या उपनदीत गेला होता. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१६ मध्ये माफी मागितली गेली. तळ व्यवस्थित कुंपणाचा होता, बरं का.

बराकवाले_काका | ६ मे, रात्री ९.००

१९७१ चं आणखी एक आठवलं. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला निर्वासित सिमेंटच्या मोठ्या पाइपांत राहिले होते, त्याचे फोटो पेपरात यायचे. गटारासाठी आणलेले पाइप. पाइपाच्या तोंडाला साडीचा पडदा आणि पुढे चूल. आई तो फोटो बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, बराक बरी होती.

तितूरकाठ | ९ मे, रात्री १०.३०

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण शाळेत जाऊन आलो. पाणक्याभाऊंचा हिशेब कागदावर लिहून नेला होता. मुख्याध्यापिका बाई भल्या, त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की पुरानंतर दोन नवे संडास मिळाले, टाइल्सचे, मुलींसाठी वेगळे, आत आरसासुद्धा. खरंच छान आहेत. मैला कुठे जातो विचारलं तर म्हणाल्या, जुन्याच टाकीत जोडलाय.

टाकी कधी उपसली? त्यांनी शिपाईकाकांकडे पाहिलं, शिपाईकाकांनी माझ्याकडे. मग आम्ही तिघे झाकण शोधायला निघालो. काकांना अंदाज होता, कडुलिंबापासून सात पावलं. सात पावलं टाकली. खाली नवेकोरे पेव्हर ब्लॉक, लाल-पिवळ्या नक्षीचे. गेल्या वर्षी बसवलेत.

पावसाळ्याला महिना आहे. सोमवारी गवंडी घेऊन जातोय, बाईंनी तोंडी परवानगी दिली आहे, लेखी मागतोय.

केळीवाला_रावेर | ९ मे, रात्री १०.४१

झाकण सापडलं की फोटो टाका. जेवणानंतर.

शिरपूरचा_पाणक्या | ९ मे, रात्री ११.०५

गवंड्याला सांगा, झाकण उघडलं की लगेच वाकून बघायचं नाही, आत गॅस असतो. अर्धा तास उघडं ठेवून लांब थांबा, पोरांना जवळ येऊ देऊ नका, आणि त्यानंतरही कुणी आत उतरायचं नाही, गाडीचा पाइपच टाकायचा. आणि ब्लॉक परत बसवताना झाकणावरचे चार वेगळ्या रंगाचे घ्या.